ड्यूटी कुठली आणि कुणाची

तो मेसेज आला तेव्हा मी मीना अल-अहमदीला रिफायनरीच्या कंट्रोल रूममध्ये होतो. संध्याकाळची पाळी नुकतीच सुरू झाली होती. कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकाचा वेगळा ग्रुप होता, त्यावर दिग्दर्शकाने लिहिलं होतं: ‘सिस्टर आजही येणार नाहीत. ड्यूटी आहे म्हणे. कुठली आणि कुणाची, ते मला विचारू नका.’ आणि शेवटी एक डोळा मारणारा पिवळा चेहरा.

मी वाचलं आणि फोन ड्रॉवरमध्ये ठेवला. मधल्या सुट्टीत चहाला पुन्हा बघितलं तर खाली कुणीतरी ‘हा हा’ केलं होतं. त्याच्या खाली सिस्टरचं एकच वाक्य होतं: ‘उद्या मखफरला जाते.’ त्यानंतर त्या ग्रुपमधून बाहेर पडल्या होत्या.

मखफर म्हणजे इथलं पोलीस ठाणं. कुवेतमध्ये राहणाऱ्या माणसाला हा शब्द अरबी न शिकताही येतो. फोनवर लिहिलेल्या शब्दांवरून इथे तक्रार होऊ शकते, ती कुठवर जाईल सांगता येत नाही, आणि इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, ज्याच्या जिवावर आपण इथे आहोत तो किती पातळ कागद आहे, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक असतं. दिग्दर्शकाला दोन मुलं होती, मोठीची बारावी होती. त्यामुळे त्या रात्री मंडळाच्या अध्यक्षांनी सिस्टरना फोन करून एवढंच मागितलं, की शुक्रवारपर्यंत थांबा. शुक्रवारी आपण सगळे बसू. त्यानंतर तुम्हाला जायचं असेल तर मी स्वतः गाडी घेऊन सोडायला येतो.

सिस्टर थांबल्या.

त्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. त्या मिरजेच्या. इथे एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये डायलिसिस विभागात नर्स होत्या. चाळिशी ओलांडलेली, बोलणं मोजकं, आवाज खणखणीत. म्हणूनच दिग्दर्शकाने त्यांना नाटकात आत्याची भूमिका दिली होती. तालमी गुरुवारी संध्याकाळी, सलव्याला अध्यक्षांच्या इमारतीच्या तळघरात होत. सुरुवातीला सिस्टर नियमाने आल्या, मग त्यांची पाळी बदलली आणि येणं तुटक झालं. दिग्दर्शक मूळचा डोंबिवलीचा, एका शिपिंग कंपनीत होता. माणूस वाईट नव्हता, पण नाटकाच्या दिवसांत त्याचं डोकं ताळ्यावर नसे. तो मेसेज त्याने, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, फहाहीलच्या रस्त्यावर सिग्नलला थांबून लिहिला होता.

शुक्रवारी बसायचं, पण कुणी बसवायचं, हा प्रश्न होता. अध्यक्ष म्हणाले, “मी बसवलं तर मी दोघांना घाबरणार.” तेव्हा माझ्या बायकोने एक नाव सुचवलं. त्या बाई आमच्या मुलीच्या शाळेत ऑफिसात काम करत, सबाह अल-सालेमला राहत. परभणीच्या कोर्टात त्यांनी काही वर्षं वकिली केली होती. नवऱ्याला इथे नोकरी लागली, त्या फॅमिली व्हिसावर आल्या आणि सनद कपाटात गेली. मंडळात त्यांचं फारसं येणंजाणं नव्हतं, कुणाशी मैत्री नव्हती आणि कुणाशी वाकडंही नव्हतं.

त्यांचे यजमान शुक्रवारी ड्यूटीवर होते, म्हणून त्यांना आणायचं काम माझ्याकडे आलं. सकाळची वेळ, रस्ते मोकळे. गाडीत बसल्याबसल्या त्यांनी विचारलं, “मेसेज तुमच्या फोनमध्ये आहे का? शब्द न् शब्द?”

मी फोन दिला. त्यांनी वाचला, मग वर सरकवून आधीचे मेसेज वाचले, खाली सरकवून नंतरचे वाचले.

“मखफरला गेल्या असत्या तर याचं अरबी कुणी केलं असतं?” त्यांनी विचारलं.

“असेल कुणीतरी भाषांतर करणारा.”

“तो मराठी असेल असं नाही. आधी कुणीतरी हिंदीत सांगणार, मग तो अरबीत लिहिणार. आणि लिहिताना एकच अर्थ लिहिणार. पुढे मग तोच खरा धरला जाणार. म्हणून आधी आपण बघू.”

मी म्हटलं, “तुम्ही अब्रुनुकसानीचे खटले लढवलेत का?”

“एकही नाही. माझी सगळी वकिली चेक न वटल्याची आणि बांधाच्या भांडणांची. पण कॉलेजात एक धडा होता, पाश्चात्त्य देशांतला, जिथे असल्या खटल्यांत अजून पंच, म्हणजे ज्युरी, बसतात. तो मला आवडायचा. परीक्षेत आला नाही.”

अध्यक्षांच्या घरी दिवाणखान्यातलं टेबल भिंतीला लावून खुर्च्या गोल मांडल्या होत्या. मुलांना वरच्या मजल्यावर पाठवलं होतं. सिस्टर आणि त्यांचे यजमान एका बाजूला बसले होते. यजमान हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करणारे तंत्रज्ञ, फार न बोलणारे. समोर दिग्दर्शक आणि दाराजवळच्या खुर्चीवर त्याची बायको. अध्यक्षांनी मंडळातली सात नावं काढली होती. वकीलबाईंनी, त्या दिवसापासून सगळे त्यांना तसंच म्हणायला लागले, दोन्ही बाजूंना सांगितलं की एकेक नाव खोडा, कारण सांगू नका. उरले पाच: एक बालरोगतज्ज्ञ डॉक्टर, मंडळाची मराठी शाळा चालवणाऱ्या काकू, मी, आणि तेलक्षेत्रात काम करणारे दोन तरुण.

वकीलबाई बसल्या नाहीत. टेबलाला टेकून उभ्या राहिल्या.

“मी निकाल देणार नाही,” त्या म्हणाल्या. “तो हे पाच जण देतील. मी फक्त एवढंच ठरवणार की या वाक्यातून कुठले अर्थ निघू शकतात. जे निघू शकतात ते यांच्यापुढे जातील. जे निघूच शकत नाहीत ते जाणार नाहीत. निघू शकणाऱ्यांपैकी खरंच कुठला निघाला, ते हे पाच जण बघतील.”

तरुणांपैकी एक म्हणाला, “फरक कळला नाही.”

“समजा मी म्हटलं, अमका गाडी नीट चालवत नाही. त्यातून तो बेफिकीर आहे असं निघू शकतं. त्याची नजर अधू आहे असंही निघू शकतं. दोन्ही मी तुमच्यापुढे ठेवीन. पण कुणी म्हणालं की याचा अर्थ त्याने गाडी चोरली आहे, तर ते मी ठेवणार नाही. ते वाक्यात नाही, काढणाऱ्याच्या डोक्यात आहे.”

दिग्दर्शक उठला. “वहिनी, मला आधी सांगू दे माझ्या मनात काय होतं. म्हणजे हा सगळा प्रश्नच—”

“तुमच्या मनात काय होतं ते आज कुणी विचारणार नाही.”

“अहो, पण लिहिलं मी आहे!”

“लिहिलं तुम्ही, वाचलं यांनी. बसा.”

तो बसला. त्या सकाळी तो आणखी दोन-तीनदा तरी उठला असेल आणि प्रत्येक वेळी त्यांनी त्याला याच शब्दांत बसवलं. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटत होतं की शिक्षेपेक्षा याचाच त्याला जास्त त्रास होतोय.

मग त्यांनी सिस्टरना विचारलं, “या वाक्याने तुमच्याबद्दल काय काय सांगितलं, असं तुमचं म्हणणं आहे?”

सिस्टर तयारी करून आल्या होत्या. “एक, की मला ड्यूटी नव्हतीच, मी खोटं बोलून तालीम चुकवते. दोन, की मी हॉस्पिटलची नोकरी असताना बाहेर चोरून काम करते. तीन, की मी कुणाकडे तरी जाते.”

त्यांचे यजमान गालिच्याकडे बघत होते. अध्यक्षांच्या बायकोने सरबताचा ट्रे आणला होता, तो तसाच घेऊन त्या पुन्हा आत गेल्या.

पहिल्या अर्थावर वाद झाला नाही. ‘आहे म्हणे’ हे दोन शब्दच पुरेसे आहेत, वकीलबाई म्हणाल्या. ‘म्हणे’ लावलं की आपण त्या गोष्टीवरून हात काढून घेतो. पहिला अर्थ राहिला. त्यांनी पाठीमागच्या फळ्यावर, जिथे मुलांचा पाढ्यांचा अभ्यास होता, बाजूला जागा करून एक आकडा लिहिला.

“दुसरा,” त्या म्हणाल्या, “मला दिसत नाही. वाक्यात पैसा नाही, काम नाही, दुसरं हॉस्पिटल नाही. ‘कुणाची ड्यूटी’ एवढ्यावरून बाहेरचं काम कसं निघेल?”

डॉक्टरांनी मान डोलावली. मला वाटलं होतं सिस्टर तिसऱ्यासाठी लढतील, दुसरा सोडून देतील. सगळ्यांनाच तसं वाटलं असावं, कारण सगळ्यांचा जीव तिसऱ्यात अडकला होता. पण सिस्टर पुढे सरकून बसल्या.

“ताई, तिसऱ्याचं मला काही नाही ओ. ते माझ्या घरातलं आहे, आमचं आम्ही बघू. दुसरा ठेवा. दुसरा माझ्या लायसन्सवर येतो. उद्या हे कुणी आमच्या सुपरवायझरला दाखवलं तर ती मला तिसरं विचारणार नाही, दुसरंच विचारणार.”

“पण तो अर्थ शब्दांत नाही, सिस्टर.”

“शब्दांत नसेल. पण ग्रुपमधल्या सगळ्यांना माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

सिस्टरनी आम्हा सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि पुन्हा वकीलबाईंकडे बघितलं. वकीलबाईंना ते कळायला जरा वेळ लागला, कारण त्या मंडळात नवख्या होत्या. मग त्यांनी आम्हाला विचारलं, “या खोलीत कुणाच्या घरी सिस्टर इंजेक्शन द्यायला, ड्रेसिंग करायला, असं काही करायला आल्या आहेत? हात वर करा.”

पहिला हात डॉक्टरांचा वर गेला. त्यांच्या बायकोचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा टाके काढेपर्यंत सिस्टर जात होत्या. नवरा डॉक्टर असला तरी बायकोची जखम त्याला बघवत नाही, असं ते नंतर म्हणाले. मग मी हात वर केला. माझी आई तेव्हा व्हिजिट व्हिसावर आली होती, तिला बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं चालू होती, आणि सिस्टर ड्यूटीवरून परतताना आमच्याकडे थांबून देऊन जात. काकूंनी हात वर केला. अध्यक्षांनी केला. दिग्दर्शकाने केला नाही. पण दाराजवळ बसलेल्या त्याच्या बायकोने केला, जेमतेम खांद्यापर्यंत.

“माझ्या सासऱ्यांचं कॅथेटर,” ती म्हणाली. “मागच्या वर्षी.”

दिग्दर्शक मागे वळून तिच्याकडे बघत राहिला.

वकीलबाईंनी हात मोजले नाहीत. त्या म्हणाल्या, “हात खाली घ्या. असं असेल तर माझं चुकलं. बाहेरच्या माणसाने हे वाक्य वाचलं तर त्याला दुसरा अर्थ सुचणार नाही. पण ज्याच्या घरी सिस्टर सुई घेऊन आल्या आहेत, त्याने ‘कुणाची ड्यूटी’ वाचलं की त्याला स्वतःचं घर आठवणार. आणि ग्रुपमध्ये बाहेरचं कुणी नव्हतं. दुसरा अर्थ राहील.”

फळ्यावर दुसरा आकडा पडला.

डॉक्टर जरा अस्वस्थ झाले. “एक विचारू? सिस्टर याचे पैसे—”

“नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “हा खरं-खोटं ठरवायचा प्रश्न झाला. आज आपण फक्त वाक्याचा अर्थ बघतोय.”

पण सिस्टरनी उत्तर दिलंच. “तुमच्याकडे मी चहासुद्धा घेतला नव्हता, डॉक्टर.”

डॉक्टर म्हणाले, “बरोबर आहे. माफ करा.”

मग तिसरा. इथे सगळी मदार त्या पिवळ्या चेहऱ्यावर होती. वकीलबाईंनी वाक्य दोनदा मोठ्याने वाचलं. एकदा नुसतं, आणि एकदा शेवटी थांबून, डोळा न मारता, पण तिथे काहीतरी आहे हे कळेल असं.

“चेहरा काढला तर हे वैतागलेल्या माणसाचं वाक्य आहे,” त्या म्हणाल्या. “चेहरा ठेवला तर ‘विचारू नका’चा सूर बदलतो. बाईबद्दल लिहिलेलं, डोळा मारून. मला तिसरा ठेवावासा वाटतोय.”

दिग्दर्शक उठलाच. “अहो, तो चेहरा मी सगळीकडे टाकतो!”

“मनात काय होतं—”

“मनातलं नाही सांगत! सवय आहे. बघा तुम्ही ग्रुप. कुणालाही विचारा.”

वकीलबाई म्हणाल्या, “सवय दाखवता येत असेल तर दाखवा. ती वाचणाऱ्यांनाही माहीत असणार.”

मग माझाच फोन पुन्हा फिरला. दिग्दर्शकाचे जुने मेसेज निघाले. ‘तळघरातला एसी बंद आहे, पंखे आणा’ आणि डोळा. ‘पार्किंग मागच्या बाजूला करा, हारिस ओरडतो’, हारिस म्हणजे इमारतीचा राखणदार, आणि डोळा. ‘दुसऱ्या अंकाची पाठांतरं पूर्ण हवीत’ आणि डोळा. काकूंनी फोन हातात घेतला आणि आणखी वर गेल्या. मंडळातल्या एका जुन्या सभासदांचे वडील गेले होते, त्याच्यावर दिग्दर्शकाने ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं होतं, आणि त्याच्यापुढेही तोच चेहरा होता.

काकूंनी ओढणी तोंडाला लावली. एक तरुण खोकल्याचं निमित्त करून बाल्कनीत गेला. मग सिस्टर हसल्या. त्यांना ते आवरलंच नाही. त्यांचे यजमान चकित होऊन त्यांच्याकडे बघायला लागले. दिग्दर्शक तेवढा हसला नाही. तो म्हणाला, “मला वाटायचं तो नमस्कारासारखा आहे.”

वकीलबाईंनी चहासाठी थांबायला सांगितलं. चहा झाला. त्या बाल्कनीत एकट्या उभ्या होत्या, खाली रस्त्यापलीकडच्या बकाल्यासमोर, म्हणजे किराणा दुकानासमोर, पाण्याच्या बाटल्यांचा ट्रक रिकामा होत होता, तो बघत. आत येऊन त्यांनी सांगितलं:

“जो माणूस सगळ्यांपुढे तेच चिन्ह टाकतो, त्याचं चिन्ह वाचणारे वाचत नाहीत, ओलांडून जातात. मघाशी आपण म्हटलं की या ग्रुपला सिस्टरची माहिती होती म्हणून दुसरा अर्थ निघतो. तसंच या ग्रुपला या गृहस्थांची सवय माहीत होती म्हणून तिसरा निघत नाही. एकीकडे माहिती धरायची आणि दुसरीकडे सोडायची, असं मला करता येणार नाही. तिसरा अर्थ पंचांपुढे जाणार नाही.”

दिग्दर्शकाच्या बायकोने डोळे मिटले. सिस्टरचे यजमान उठले आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. सिस्टर मात्र, ज्यांना तिसऱ्याचं काही नव्हतं, त्या म्हणाल्या, “मग ते ‘हा हा’ कोण हसलं? ते कशाला हसलं?”

हसणारा तरुण आमच्यातच होता. तो खाली बघू लागला.

“कुणी एकाने काय वाचलं हा पुरावा नाही, सिस्टर. साधा, शहाणा वाचणारा काय वाचेल, एवढंच मला बघता येतं.”

“तसा वाचणारा कुठे असतो?” सिस्टरनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. खरोखरच विचारल्यासारखं विचारलं.

वकीलबाई म्हणाल्या, “नसतो. तो धरून चालायचा असतो.”

आम्ही पाच जण आतल्या खोलीत गेलो. ती अध्यक्षांच्या मुलाची खोली होती. काकू आणि डॉक्टर पलंगावर बसले, मी अभ्यासाच्या खुर्चीवर, तरुण खाली. दोन अर्थ आमच्यापुढे होते. पहिल्यावर सगळे लगेच एक झालो: त्याने सिस्टरना खोटं पाडलं होतं. आणि सिस्टर त्या दिवशी खरंच ड्यूटीवर होत्या, हे तर दिग्दर्शकानेही आल्याआल्या कबूल केलं होतं.

दुसऱ्यावर डॉक्टर म्हणाले, “मोकळेपणाने बोलतो. दुसरा धरला तर आपण सगळेच त्यात येतो. आपणच त्यांना घरी बोलावत होतो.”

काकू म्हणाल्या, “म्हणून तर तो खरा अर्थ आहे. मी तो मेसेज वाचला तेव्हा मला माझा गुडघा आठवला.”

“तुम्हाला वाटलं का, की त्या चोरून धंदा करतात?”

“मला वाटलं की याला तसं म्हणायचं आहे.”

मी काकूंच्या बाजूने होतो. ‘कुठली’ हा शब्द एकटा असता तर मी पहिल्यावर थांबलो असतो. ‘कुणाची’ त्याच्यापुढे गेला, असं मी म्हटलं. हसलेला तरुण म्हणाला की त्याने तर काहीच वाचलं नव्हतं, तो नेहमीच ‘हा हा’ टाकतो. त्याचं आणि दिग्दर्शकाचं सख्य का होतं ते मला तेव्हा कळलं. शेवटी तिघे फक्त पहिल्याच्या बाजूने आणि आम्ही दोघं दोन्हींच्या. तसंच बाहेर येऊन सांगितलं.

दुसरा अर्थ गेला हे ऐकल्यावर सिस्टरनी मान हलवली, बस्स. “ठीक आहे. मग माफी लिहा,” त्या म्हणाल्या.

माफीचा मजकूर वकीलबाईंनी सांगितला, दिग्दर्शकाने टाइप केला. ‘सिस्टर त्या दिवशी ड्यूटीवर होत्या. त्या खोटं बोलतात असं मी सुचवलं. ते चुकीचं होतं. मी त्यांची माफी मागतो.’ त्याने मध्ये ‘कुणाला वाईट वाटलं असल्यास’ असं घातलं होतं.

“‘असल्यास’ काढा,” वकीलबाई म्हणाल्या.

“बोलायची पद्धत असते हो.”

“वाईट वाटलेली बाई समोर बसली आहे.”

त्याने काढलं. पाठवायच्या आधी फोन बायकोकडे दिला, तिने वाचला आणि तिनेच पाठवला. खोलीतले सगळे फोन एकदम वाजले. मग तो सिस्टरसमोर जाऊन उभा राहिला. “आता सांगू का मनात काय होतं?”

सिस्टर म्हणाल्या, “सांगा.”

“आत्याचं काम दुसरं कुणी करू शकत नाही म्हणून मला राग आला होता. एवढंच.”

“ते लिहायचं होतं,” सिस्टर म्हणाल्या.

मखफरला त्या गेल्या नाहीत. ग्रुपवरही परत आल्या नाहीत आणि नाटकातही. पर्स उचलून निघताना दारात थांबून त्यांनी आम्हा सगळ्यांना उद्देशून, अगदी रोजच्या आवाजात सांगितलं, “एक लक्षात ठेवा. आता मी कुणाच्या घरी येणार नाही. काही लागलं तर क्लिनिकला जा.” पुढच्या आठवड्यापासून मी आईला सलव्याच्या क्लिनिकमध्ये नेऊ लागलो. तिथे टोकन घेऊन बसावं लागे. आई म्हणे, “त्या बाईचा हात हलका होता.” नाटक दिवाळीनंतर झालं. आत्या अध्यक्षांच्या बायकोने केली, वाईट नाही केली.

त्या शुक्रवारी वकीलबाईंना परत सोडताना गाडीत मी त्यांना विचारलं, “तिसरा काढला त्याची तुम्हाला खात्री होती?”

“नव्हती.”

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या समोर बघत होत्या.

“शंका असेल तर पंचांपुढे जाऊ द्यावं, अर्थ अगदीच अशक्य असेल तरच काढावा, असं तो धडा सांगतो,” त्या म्हणाल्या. “त्या माणसाच्या सवयीचं ठीक आहे, पण बाईबद्दल डोळा मारलेला आणि एसीबद्दल मारलेला, लोक सारखा वाचत नाहीत. कोर्टात असते तर कदाचित ठेवला असता.”

“मग?”

“तिथले पंच अनोळखी असतात. खटला संपला की उठून आपापल्या घरी जातात, पुन्हा भेटत नाहीत. इथे तुम्ही पाच जण. सिस्टर बाहेर खुर्चीवर बसणार, आणि तुम्ही दार लावून आत ठरवणार की हे वाक्य वाचून ती बाई कुणाकडे जाते असं वाटतं की नाही वाटत. नवरा बाहेर बसलेला. मग बाहेर येऊन सांगणार, तीन विरुद्ध दोन. ते मला करायचं नव्हतं.”

मी म्हटलं, “पण मग कारण तुम्ही वेगळंच दिलंत.”

“दिलेलं कारणही खोटं नव्हतं,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी सबाह अल-सालेमच्या आतल्या रस्त्याचं वळण दाखवलं, कारण मी ते चुकवणार होतो.

सिस्टर मला त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी भेटल्या, जमियामध्ये, म्हणजे आमच्या भागातल्या सहकारी दुकानात, भाजीच्या बाजूला. आई तोवर नाशिकला परत गेली होती. त्यांनी तिची चौकशी केली, बी-ट्वेल्व्ह तपासलं का विचारलं. मग आपणहून म्हणाल्या, “तुमच्या वकीलबाईंनी तिसरा खोडला, पण तो काही खोडला गेला नाही बघा.”

“म्हणजे?”

“कुणीतरी ग्रुपचा स्क्रीनशॉट पुढे पाठवला. फिरत फिरत सांगलीला माझ्या नणंदेकडे गेला. तिला तो माणूस माहीत नाही, त्याची सवय माहीत नाही. तिने सरळ वाचलं.”

“तुम्ही सांगितलं नाही, माफी मागितली ते?”

“सांगितलं की. ती म्हणाली, ड्यूटीबद्दल माफी मागितली, त्याबद्दल कुठे मागितली?” सिस्टर टोमॅटो निवडत होत्या, एकेक दाबून बघत होत्या. “बरोबरच आहे तिचं. नाहीच मागितली.”

मी मग त्यांना गाडीतलं बोलणं सांगितलं. वकीलबाईंना खात्री नव्हती, आणि तरी त्यांनी तो का काढला, ते. पाच जणांनी दार लावून आत त्यांच्याबद्दल बोलावं हे वकीलबाईंना नको होतं, असं सांगितलं.

सिस्टरनी पिशवीला गाठ मारली.

“चांगल्या मनाने केलं,” त्या म्हणाल्या. “पण त्यांनी मला विचारायचं होतं. मी म्हटलं असतं, जा आत, बोला काय बोलायचं ते. पाचातल्या तिघांनी जरी नाही म्हटलं असतं, तरी ते ‘नाही’ मला सांगलीला पाठवता आलं असतं.”

“आणि तिघांनी हो म्हटलं असतं तर?”

वजन करणारा बंगाली माणूस हात पुढे करून थांबला होता, त्याच्याकडे त्यांनी पिशवी दिली.

“तर निदान तसं वाचणारे कोण ते कळलं असतं,” त्या म्हणाल्या, आणि कोथिंबीर ताजी आहे का, असं त्याला हिंदीत विचारायला लागल्या.